काही समस्या सुटतात, काही का सुटत नाहीत?

जनावरांच्या दोन रोगांची तुलना करून या विषयाला प्रारंभ करणे सोयीचे ठरेल. बुळकांडी आणि लाळ्या-खुरकूत हे दोन्ही रोग विषाणूजन्य आहेत, दोन्ही वेगाने पसरतात आणि दोन्ही गाई-म्हशींना होतात. दोहोंवर लस उपलब्ध झाली. लस टोचणारे पशुवैद्यक तेच, गावे तीच आणि गोठेही तेच. बुळकांडी तर यातला अधिक प्राणघातक रोग. एकदा गावात शिरला की दावणीच्या दावणी रिकाम्या करून जाई. तरीही १९९५ नंतर बुळकांडीचा एकही रुग्ण भारतात आढळलेला नाही. २००६ मध्ये देश या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये तो साऱ्या जगातूनच हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेला देवीनंतरचा हा दुसरा रोग होय. लाळ्या-खुरकूत मात्र आजही आपल्या गोठ्यांत आहे आणि त्याच्याविरुद्ध दरवर्षी नव्याने मोहीम काढावी लागते.

असे का व्हावे? कृषी आणि पशुसंवर्धन क्षेत्रातील चर्चांमध्ये या प्रश्नाला साधारणपणे तीन ठरावीक उत्तरे मिळतात. शास्त्र अपुरे पडले, पैसा अपुरा पडला किंवा शेतकरी अज्ञानी ठरला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तिन्ही उत्तरे अर्धवट आहेत. एखादी समस्या किती कठीण आहे, हे तिच्यामागील शास्त्र किती गहन आहे यावरून फारसे कळत नाही. तिचे उत्तर कोणाच्या हाती द्यावे लागते, यावरून ते अधिक कळते. जे उत्तर एकट्या शेतकऱ्याच्या हाती देता येते आणि ज्याचा लाभ त्याला एकट्यालाही मिळतो, ती समस्या सुटण्याजोगी असते. ज्या उत्तरासाठी अनेकांनी एकाच वेळी एकच गोष्ट करावी लागते, ती समस्या शास्त्र हाती असूनही वर्षानुवर्षे रेंगाळते. संशोधन संस्थांनी हा भेद प्रकल्पाच्या आरंभीच ओळखला नाही, तर उत्तम संशोधनही अहवालात पडून राहते.

एका कुपीत मावलेले उत्तर

बुळकांडीविरुद्धचा लढा आपल्या देशात जुना आहे. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवलेली प्रयोगशाळा म्हणजेच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. तिच्या आरंभीच्या कार्यात या रोगाला अग्रस्थान होते. १९२०च्या दशकात तेथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा संक्रमित करून सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध केली. पुढे वॉल्टर प्लौराइट यांनी पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस आली आणि काम अधिकच सुकर झाले.

येथे निसर्गानेही साहाय्य केले, हे मान्य करावयास हवे. बुळकांडीच्या विषाणूचा लसीच्या दृष्टीने एकच प्रकार होता. एकदा लस टोचली की जनावराला जवळजवळ आयुष्यभर संरक्षण मिळे. बरे झालेले जनावर विषाणू अंगात बाळगून हिंडत नसे आणि बाहेरच्या वातावरणात विषाणू फार काळ टिकत नसे. रोग झाला की तो लपत नसे. थोडक्यात, या शत्रूला दडून बसण्यास जागा नव्हती.

लाळ्या-खुरकूतची प्रकृती याच्या अगदी उलट. त्याच्या विषाणूचे सात प्रकार ज्ञात आहेत. भारतात त्यांपैकी ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन प्रकार आढळतात. एका प्रकाराविरुद्ध मिळालेले संरक्षण दुसऱ्याविरुद्ध कामाला येत नाही. लसीचा प्रभाव सुमारे सहा महिने टिकतो, म्हणून वर्षातून दोनदा टोचणी आवश्यक ठरते. बरे झालेले जनावर काही काळ विषाणूचे वाहक राहू शकते. गाई-म्हशींप्रमाणेच शेळ्या, मेंढ्या व डुकरे यांनाही हा रोग होतो. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात गाई-म्हशींची संख्या ३० कोटींहून अधिक आहे. वर्षातून दोनदा म्हणजे केवळ या दोन वर्गांसाठीच जवळजवळ ६० कोटी मात्रा झाल्या. प्रत्येक मात्रा कारखान्यापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात पोहोचली पाहिजे.

त्यात आणखी एक भर. प्रौढ जनावर या रोगाने सहसा मरत नाही. दूध आटते, बैल कामातून जातो, पण जनावर उठून उभे राहते. त्यामुळे पशुपालकाच्या मनात बुळकांडीइतकी धास्ती नसते. उलट लस टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होईल, ही चिंता अधिक जवळची वाटते. तोटा आजचा आणि डोळ्यांसमोरचा, लाभ उद्याचा आणि साऱ्या गावाचा, अशी ही विभागणी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथून सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम या साऱ्या अडचणींशी झुंजत आहे. नियमित लसीकरण झालेल्या भागांत उद्रेक घटतात, हा अनुभव आश्वासक आहे. तथापि बुळकांडीचे यश डोळ्यांपुढे ठेवून त्याच वेगाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

बुळकांडीही केवळ लसीमुळे संपली नाही, हेही येथे नमूद करावे लागेल. देशव्यापी लसीकरण १९५४ मध्ये सुरू झाले आणि अखेरचा रुग्ण १९९५ मधला. मधली चाळीस वर्षे लस तर हाती होतीच. १९९२ पासून देशाची जोखमीनुसार विभागणी झाली, विभागनिहाय लसीकरण व शोधमोहिमा आखल्या गेल्या, तेव्हा कुठे शेवटची गाठ सुटली. म्हणजे सोपी म्हणावी अशा समस्येतही शास्त्राने दार उघडले आणि उंबरठा ओलांडून दिला तो संघटनेने.

शेजाऱ्याच्या शेतातील पतंग

हाच भेद पिकांच्या बाबतीतही दिसतो. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ मध्ये देशाचे गहू उत्पादन सुमारे १.२ कोटी टन होते. १९७०-७१ मध्ये ते २.३८ कोटी टनांवर गेले. या यशामागे खते, सिंचन आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळाची खरेदी यांचाही वाटा होता. परंतु उत्तराचा गाभा बियाण्यात सामावलेला होता. एका शेतकऱ्याने ते पेरले आणि शेजाऱ्याने पेरले नाही, तरी पेरणाऱ्याचे उत्पन्न वाढतच होते. गहू स्वपरागीकरण करणारे पीक असल्याने घरचे बियाणे पुढच्या वर्षी चालत होते. शेजाऱ्याचे भरघोस शेत पाहून उरलेल्यांनीही ते स्वीकारले. तेथे प्रसाराचे निम्मे काम पिकानेच केले.

आता कापूस पाहा. २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तेही बियाणेच होते, तेही पाकिटातच मिळत होते आणि प्रारंभी त्याने बोंडअळ्यांवर प्रभावी नियंत्रणही दिले. परंतु येथे प्रतिपक्ष सजीव आणि बदलणारा होता. बीटी प्रथिनाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या प्रत्येक पिढीत वाचतात. त्यांचे मीलन तशाच दुसऱ्या पतंगांशी झाले, तर संतती प्रतिकारक्षम निपजते. म्हणून बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या आश्रय ओळी लावाव्यात, तेथे सामान्य पतंग वाढावेत आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारक्षमता सौम्य राहावी, अशी योजना होती. किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढे क्षेत्र आश्रयासाठी राखावे, असा नियम होता. बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीटही सोबत दिले जाई.

ते पाकीट बहुतांश ठिकाणी बांधावरच राहिले. यामागील हिशेब समजून घेतला पाहिजे. आश्रय ओळींतील बोंडे किडणार, हा तोटा ज्याच्या शेतात त्याचा. त्यातून टिकणारी बीटीची परिणामकारकता मात्र सर्वांची. मी ओळी लावल्या आणि शेजाऱ्याने लावल्या नाहीत, तर माझे नुकसान ठरलेले आणि लाभ अनिश्चित. पतंगाला सातबारा कळत नाही. तो बांध ओलांडून जातोच. अशा स्थितीत ज्याने ओळी लावल्या नाहीत, त्याला अज्ञानी म्हणता येणार नाही. त्याने आपल्यापुरता हिशेब बरोबरच केला होता. फक्त सर्वांनी तसाच हिशेब केला, तेव्हा सर्वांचे मिळून नुकसान झाले.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत आणखी कारणे जुळून आली. ही अळी मुख्यत्वे कापसावरच जगते, त्यामुळे तिला बीटीवाचून अन्य आसरा उरला नाही. आपल्याकडे बीटी संकरित वाणांत आले. संकरित झाडाच्या बोंडातील सरकीमध्ये काही दाणे बीटी प्रथिनाविना असतात आणि एकाच बोंडात अळीला विषारी व निर्विष असे दोन्ही प्रकारचे अन्न मिळते. पाण्याची सोय असलेल्या शेतांत डिसेंबरनंतरही फरदड घेतली जाते आणि अळीचे जीवनचक्र खंडित होत नाही. जिनिंगच्या आवारातील कच्चा कापूस, सरकी आणि शेताकडेला रचलेली पऱ्हाटी येथेही ती टिकून राहते. या सर्वांचा परिणाम क्रमाक्रमाने दिसला. प्रथम गुजरातमध्ये प्रतिकारक्षमता नोंदली गेली आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना डोमकळ्या आणि किडकी बोंडे यांचा भीषण अनुभव आला.

याच किडीचे कापूस क्षेत्रातून उच्चाटन झाल्याचे अमेरिकेच्या कृषी विभागाने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले. तेथेही बीटी कापूसच होता. त्याच्या जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडणे, कामगंधाचा वापर करून मीलनात अडथळा आणणे आणि हंगाम संपताच ठरलेल्या मुदतीत झाडे गाडून टाकणे, ही कामे संपूर्ण पट्ट्यात एकत्रितपणे झाली. त्यासाठी कापूस उत्पादकांनीही वर्गणी भरली. तेथील शेते विस्तीर्ण आणि उत्पादक मोजके, तर आपल्याकडे कापूस उत्पादक शेतकरीच सुमारे ६० लाख. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. परंतु बियाणे एकसारखे असूनही निष्कर्ष वेगळे आले, याचे कारण बियाण्यापलीकडे शोधावे लागते, एवढे त्यातून निश्चित होते.

कालचे उत्तर, आजचा प्रश्न

कठीण समस्यांचा आणखी एक वर्ग आहे. त्यात कोणा एका शत्रूकडे बोट दाखवता येत नाही, कारण ती समस्या आपल्याच आधीच्या उत्तरांतून जन्मलेली असते. पंजाब-हरियाणातील भाताचा पेंढा जाळण्याचा प्रश्न याचे उत्तम उदाहरण आहे.

अन्नटंचाईवर उत्तर म्हणून या प्रदेशात गहू-भात पद्धती रुजली. हमीभावाने खरेदी आणि शेतीसाठी स्वस्त, पुढे मोफत वीज यांनी तिला बळ दिले. भाताला पाणी फार लागते, म्हणून कूपनलिका वाढल्या आणि भूजल खालावले. त्यावर उपाय म्हणून २००९ मध्ये पंजाबने भूजल संरक्षणाचा कायदा केला आणि १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. हरियाणानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. कडक उन्हाळ्यातील बाष्पीभवन टाळण्याचा हा हेतू सर्वथा योग्य होता. परंतु लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे गेली. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. मजूर मिळेनात म्हणून कम्बाइन हार्वेस्टर आले. ते दाणे काढून घेते आणि उभी धसकटे व विखुरलेला पेंढा शेतात सोडते. तो हलवण्यास वेळ नाही, साठवण्यास जागा नाही आणि बासमतीखेरीज अन्य भाताचा पेंढा तेथील जनावरे आवडीने खात नाहीत. उरते ती काडेपेटी. जाळण्याचा काळही नेमका अशा दिवसांत सरकला, जेव्हा वारा मंद होतो आणि धूर जमिनीलगत साचून राहतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा तपासला, तर प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समर्थनीय ठरतो. अन्नसुरक्षा हवीच होती, पाणी वाचवायलाच हवे होते आणि मजुरांअभावी यंत्र घेणेही अपरिहार्य होते. तरीही सर्वांचा मिळून परिणाम अनिष्ट झाला. त्यामुळे साखळीच्या अखेरच्या दुव्यावर, म्हणजे काडी ओढणाऱ्या हातावर, केवळ दंड आकारणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो. पेंढा न जाळता गहू पेरणारे हॅपी सीडर यंत्र उपयुक्त आहे आणि २०१८ पासून केंद्र शासन त्यासाठी अनुदानही देत आहे. परंतु वर्षातून दोन-तीन आठवडे लागणारे आणि शक्तिमान ट्रॅक्टर मागणारे यंत्र अल्पभूधारकाने एकट्याने का घ्यावे, हा प्रश्न उरतोच. भाड्याने घ्यावे, तर सर्वांना ते एकाच पंधरवड्यात हवे असते.

दोन वाटा

मग अशा समस्यांपुढे हतबल व्हावे काय? तसे मुळीच नाही. त्यांना तोंड देण्याच्या दोन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे उत्तराचाच घाट बदलणे. अनेकांनी मिळून करावयाची गोष्ट एकट्याला करता येईल, अशा रूपात आणणे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘पीआर १२६’ हा भाताचा वाण या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दीर्घ मुदतीच्या ‘पुसा ४४’ पेक्षा तो सुमारे एक महिना लवकर तयार होतो. पाणी वाचते आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी मोकळा अवधीही मिळतो. शेजारी काय करतो याची वाट न पाहता एकटा शेतकरी तो लावू शकतो. कापसात बिगर-बीटी बियाणे पुढे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, तीही याच विचाराची. जे कर्तव्य शेतकऱ्याच्या सदिच्छेवर सोपवले होते, ते पाकिटातच बांधले गेले. दुर्दैवाने तोपर्यंत अळीने प्रतिकारक्षमता मिळवली होती. हा विचार वाणाबरोबरच, पहिल्या दिवशी व्हावयास हवा होता. कमी कालावधीचे, एकाच वेळी वेचणीस येणारे कापूस वाण विकसित करणे, हेही याच वाटेवरील काम आहे.

दुसरी वाट अधिक दूरची. जेथे उत्तराचा घाट बदलता येत नाही, तेथे माणसांना एकत्र आणावे लागते आणि हे एकत्र आणणे हाच संशोधनाचा व विस्ताराचा विषय मानावा लागतो. भूजल हे त्याचे ठळक उदाहरण. एकाने पाणी वाचवले आणि शेजाऱ्याने आपली कूपनलिका आणखी खोल नेली, तर वाचवणाऱ्याची विहीरच आधी कोरडी पडते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचे, उसासारखी पाणीखाऊ पिके टाळण्याचे आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याचे नियम केले आणि पाळले. यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. ‘गाव करी ते राव ना करी’ ही आपल्याकडील म्हण नेमके हेच सांगते. मात्र ती म्हण व्यासपीठावर उच्चारून गाव एकत्र येत नाही. नियम कोणी करावा, मोडल्यास काय व्हावे, ज्याचा तात्कालिक तोटा होतो त्याला भरपाई कोठून मिळावी, हे ठरवावे लागते. त्याला वर्षे लागतात आणि ते काम कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

म्हणूनच एक सूचना येथे आग्रहाने करावीशी वाटते. कोणताही नवा संशोधन प्रकल्प मंजूर करताना त्याच्या प्रस्तावात चार साधे प्रश्न विचारले जावेत. हे उत्तर एकट्या शेतकऱ्याला वापरता येईल काय? खर्च ज्याचा, लाभही त्याचाच आहे काय? ज्याच्याविरुद्ध हे उत्तर आहे, ती कीड वा रोग बदलला तर पुढे काय? आणि हे उत्तर कालांतराने कोणता नवा प्रश्न निर्माण करू शकेल? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गावपातळीवरील संघटनेसाठी मनुष्यबळ, कालावधी आणि निधी यांची तरतूद मूळ प्रकल्पातच असावी. तंत्रज्ञान तयार झाल्यावर ते कृषी विज्ञान केंद्राकडे सोपवून मोकळे होण्याची प्रथा अशा प्रकल्पांना मारक ठरते.

मूल्यमापनाचाही विचार यात येतो. नवा वाण किंवा नवी लस यांची नोंद शास्त्रज्ञाच्या खाती होते आणि ती व्हावीच. परंतु शंभर गावांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी उपटून शेते मोकळी केली, हे घडवून आणणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याच्या खाती आज काय नोंदले जाते? प्रशिक्षणांची संख्या आणि उपस्थितांच्या सह्या. किती सलग क्षेत्राने एकाच वेळी शिफारस पाळली, हा निकष आपल्या अहवालांत आला, तर कामाची दिशाही त्यानुसार वळेल.

सोप्या समस्यांचे यश मोठे असते आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु त्या यशाची फूटपट्टी कठीण समस्यांना लावली, की शास्त्रज्ञ निराश होतो, शासन अधीर होते आणि शेवटी सारा दोष शेतकऱ्याच्या माथी येतो. यंदाच्या खरिपातही कापसाचे पाकीट एकेक शेतकरी स्वतंत्रपणेच विकत घेईल. त्या पाकिटाबरोबर त्याच्या शेजाऱ्याची साथ कशी देता येईल, याचे उत्तर शोधणे हे शास्त्राचेच काम आहे, असे मानण्याची वेळ आता आली आहे.